पान अठ्ठ्याऐंशी, ओळ बारावी

खरं प्रेम मरणाला हार जात नाही. देह जातो, घर जातं, दारावरची पाटी जाते, पण प्रेम तेवढं मागे उरतं, ही गोष्ट 'खाऱ्या वाऱ्याचं घर' या कादंबरीमालेच्या पहिल्या सहा भागांत, एकूण एकवीसशे चाळीस पानांत, शंकेला जागा न ठेवता सिद्ध झालेली होती. सातव्या भागाच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, वरून बाराव्या ओळीत, ती रद्द झाली.

रद्द झाली तेव्हा दुपारचे सव्वाचार वाजले होते, आणि ती मोठ्याने वाचून दाखवण्याचं पाप प्रूफकाकांच्या हातून घडलं.

काका सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. नियमावल्या, मतदारयाद्या, प्रश्नपत्रिका असं पुष्कळ त्यांच्या डोळ्यांखालून गेलं, पण त्यातलं एक अक्षर डोक्यात गेलं नाही, आणि यालाच या धंद्यात कौशल्य म्हणतात. अर्थ हा मुद्रितशोधकाचा वैरी. वाचणारा अर्थाच्या मागे गेला की चूक हातावर तुरी देऊन पसार होते. म्हणून महत्त्वाचं पान काका शेवटच्या ओळीपासून वर वाचत आणत. लग्नाआधी त्यांना आलेली पत्रंही त्यांनी अशीच वाचली होती अशी एक वदंता होती. त्यांनी ती कधी नाकारली नाही.

काकू एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. एकोणतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्यामुळे त्यांचे कान म्हणजे भिंगं झाले होते. पलीकडचा नुसता 'हॅलो' म्हणाला की मुलगा झाला, मुलगी झाली की माणूस गेला, हे त्यांना कळत असे. अशा बाईशी संसार करायचा म्हणजे खोटं बोलण्याची सोय नाही. काकांनी ती कधी वापरूनही पाहिली नव्हती.

साखरेने काकूंचे आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडांना हात घातला. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी काकांना बाहेरच्या खोलीत घेऊन, पेशंटला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगितलं, की दोन महिने, फार तर अडीच. आतून काकूंचा आवाज आला.

"तो अर्धा आधी धरायचा की शेवटी, तेवढं विचारून घ्या."

अशा घरात दुपारी चार वाजता एका भुताची वाट पाहिली जात होती.

भूत मोठं सालस होतं. एकशे तीस वर्षांपूर्वी वादळात बुडालेला हा दीपगृहाचा रखवालदार. त्याच्या पडक्या घरात एक ग्रंथपालबाई भाड्याने राहायला येते आणि दोघांचं जमतं. सहा भागांत त्याने बाईंच्या बोटालाही स्पर्श केला नव्हता, कारण करता येत नव्हता. तो आला की दिव्याची ज्योत वाकायची आणि खाऱ्या वाऱ्याचा वास यायचा. चौथ्या भागात बाई त्याच्यावर सलग सतरा पानं रुसल्या होत्या, तेव्हा काकूंनी काकांशीही दोन दिवस बोलणं टाकलं होतं. काका हे सगळं स्वच्छ उच्चारात वाचत, आणि पुस्तक मिटल्यावर त्यांना विचारलं असतं की भूत बुवा होतं की बाई, तर त्यांना अनुक्रमणिका पाहावी लागली असती.

काकू मात्र एकदा म्हणाल्या होत्या, "मेलेला माणूस इतका घरात वावरतो, ऐकायला बरं वाटतं." ते वाक्य काकांनी ऐकलं, त्यात चूक नाही हे पाहिलं आणि पुढे गेले.

तर पान अठ्ठ्याऐंशी. ग्रंथपालबाई अकरा दिवस बहिणीकडे राहून घरी परततात. जिन्यावर भूत उभं असतं. ते बाईंकडे बघतं आणि विचारतं, "आपण कोण?"

"थांबा," काकू म्हणाल्या. "ती ओळ परत वाचा."

काकांनी वाचली.

"आपण म्हणाला?"

"आपण."

"विसरला तिला?"

काकांनी समोरचं पान बघून खात्री केली. एकोणनव्वदाव्या पानावर लेखिकाबाईंनी खुलासाच दिला होता: मृतांची स्मृती ओल्या कागदावरच्या शाईसारखी असते, ती पसरत पसरत नाहीशी होते. एक्क्याण्णवाव्या पानावर छप्पर दुरुस्त करणारा एक रुंद खांद्यांचा कंत्राटदार येतो. तो पौर्णिमेला लांडगा होत असे आणि इतर दिवशी गळती बघत असे. शर्ट काढून शिडीवर चढून तो बाईंना सांगतो, की पौर्णिमेच्या आत काम पुरं करून देतो.

"मिटा पुस्तक," काकू म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी येणाऱ्या सिस्टरला सांगितलं, सूप नको. तिसऱ्या दिवशी गोळ्या नकोत. चौथ्या दिवशी चार वाजता काका सवयीने पुस्तक घेऊन बसले, तेव्हा भिंतीकडे बघतच काकूंनी विचारलं, "मेल्यावर विसरतात का हो?"

इथे कुणीही शहाणा नवरा 'छे' म्हणाला असता. पण काकांची सारी हयात छापील मजकूर हाच शेवटचा शब्द मानण्यात गेली होती.

"छापलंय खरं तसं," ते म्हणाले.

हे तीन शब्द तोंडातून गेले आणि चौतीस वर्षांत प्रथमच त्यांना वाक्याचा अर्थ आधी कळला. काकू भुतासाठी रुसल्या नव्हत्या. महिन्या-दीड महिन्याने त्या जिथे जाणार होत्या, तिथला हा पहिला अधिकृत अहवाल होता, आणि तो वाईट होता.

चूक दुरुस्त करणं हा काकांचा पेशा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बेत केला. चार वाजता पुस्तक उघडून ते म्हणाले, मागच्या वेळी माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली, मधे खुलासा आहे. आणि त्यांनी मनाने वाचायला सुरुवात केली, की भुताने थट्टा केली होती. तिसऱ्या शब्दाला त्यांचा आवाज कापला. सहाव्याला काकू म्हणाल्या, "कागदावर नसलेलं वाचताय."

बेत संपला. काकांना एवढं उमगलं, की आपल्याच्याने खोटं बोलवणार नाही. पण छापलेलं असेल तर वाटेल ते सरळ आवाजात वाचता येईल. आजवर त्यांनी मंत्र्यांची भाषणं नाही का वाचली? तेव्हा जे करायचं ते छापूनच यायला हवं.

याबाबत त्यांनी कुणाचा सल्ला मागितला नव्हता, म्हणून तो भरपूर मिळाला. मेहुण्याचं म्हणणं, "भाऊजी, ताईला भुताखेताचं वाचून दाखवता हेच मुळात चुकलं, तिला प्रवासवर्णन वाचा." जिला उठून न्हाणीपर्यंत जाता येत नव्हतं तिला प्रवासवर्णन! वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई सातवा भाग दोनदा वाचून बसल्या होत्या आणि त्यांना लांडगा पसंत होता. सहा भाग नुसती ज्योत वाकते, याला काही अर्थ आहे का, निदान आता छप्पर तरी होईल, असं त्यांनी काकूंच्या उशाशी बसून ऐकवलं. काकूंनी सिस्टरला त्यांच्यासाठी दार उघडायला सांगितलं. शेवटी मेहुण्यानेच तोडगा काढला: प्रकाशकाकडे रीतसर तक्रार करा, गिऱ्हाईक आहात तुम्ही.

रीतसर हा शब्द ऐकला आणि काकांच्या अंगात बळ आलं.

तक्रार करायची तर सहाही भाग अर्थासकट वाचणं आलं. साठीनंतर पोहायला शिकावं तसे काका त्यात उतरले. तिसऱ्या भागात भूत बाईंच्या तापात अकरा दिवस उशाशी उभं राहतं, तिथे चष्मा पुसायला त्यांना दोनदा थांबावं लागलं, आणि हे आपण काकूंना दोन वर्षांपूर्वी एका सुरात, न अडखळता वाचून दाखवलं होतं, हे आठवून ते अंमळ ओशाळले. मग त्यांनी फूटपट्टीने रकाने आखून शुद्धिपत्रक तयार केलं. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. पान ८८, ओळ १२. अशुद्ध: 'आपण कोण?' शुद्धच्या रकान्यापाशी पेन थांबलं. परक्याने लिहिलेलं तपासायची सवय, स्वतःचं लिहायची नाही. एक अख्खी दुपार त्या रकान्यात गेली. शेवटी त्यांनी एकच शब्द लिहिला.

प्रकाशकाच्या कचेरीत तक्रारीचा छापील अर्ज होता आणि दोषाचे प्रकार चारच होते: पानं कमी, पानं जास्त, बांधणी, छपाई. काकांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं, की भुताने ओळख विसरणं यात कुठे बसतं? बाईंनी मान वर न करता सांगितलं, जवळचं बघून खूण करा. काकांनी 'छपाई'वर खूण केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठ दिवसांनी दिलगिरीच्या पत्रासह सातव्या भागाची नवी प्रत घरी आली. त्यातही अठ्ठ्याऐंशीव्या पानावर भूत विचारत होतं, आपण कोण. काकांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा प्रत आली. आता घरात तीन भुतं होती आणि तिघांनाही काही आठवत नव्हतं.

काकू तोवर सिस्टरच्या धाकाने गोळ्या घेऊ लागल्या होत्या, सूप मात्र दोन चमच्यांपुढे जात नव्हतं. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागलं, तेव्हा सिस्टरने ते काढून टेबलावर ठेवलं.

तिसऱ्या अर्जाला छापखान्याचा तंत्रज्ञ स्वतः हजर झाला. बोटांच्या पेरांत शाई मुरलेला, भिंग घेऊन आलेला हा गृहस्थ बघून काकांना माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं. त्याने पान उजेडात धरलं, भिंगाने बघितलं, वास घेतला, आणि विचारलं, दोष कुठाय? आतल्या खोलीत कान होते, म्हणून काकांनी त्याला बाल्कनीत नेऊन खालच्या आवाजात सगळं सांगितलं. तंत्रज्ञाने भिंग खिशात टाकलं.

"आमच्या मशिनवर नाही झालं हे," तो म्हणाला. "वरूनच विसरून आलं होतं."

मग त्याने इकडेतिकडे बघून सल्ला दिला, की अर्ज सोडा, संपादकांना गाठा.

संपादक म्हणजे सर्दीने बेजार झालेला एक पन्नाशीचा गृहस्थ. टेबलावर रुमालांची चवड आणि वाफेचं यंत्र. काकांनी शुद्धिपत्रक पुढे ठेवलं आणि सांगितलं, की मला लेखिकाबाईंना भेटायचंय, एका ओळीचं काम आहे. संपादकाने शुद्धिपत्रक वाचलं. मग उठून दार लावून घेतलं.

"बाई वारल्या," तो म्हणाला. "सहावा भाग छापायला गेला त्याच आठवड्यात."

काकांनी मुखपृष्ठ पुढे सरकवलं. त्यावर बाईंचं नाव होतं, मागच्या बाजूला हसरा फोटो होता.

"नाव चालतं त्यांचं," संपादक म्हणाला आणि शिंकला.

मेल्यानंतरही माणूस मागे राहतो, याला प्रकाशनव्यवसायात तरी पुरावा होता. सातवा भाग संपादकानेच लिहिला होता. त्याआधी तो गीझर आणि मिक्सरच्या माहितीपुस्तिका लिहायचा. म्हणून तर कंत्राटदार छपरावर चढतो तो मजकूर 'प्रथम शिडी सपाट जमिनीवर टेकवावी' असा होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पुस्तकातला सगळ्यात बिनचूक भाग होता. मग भूत विसरलं का? संपादकाने नाक पुसलं. पहिले सहा भाग वाचायला वेळच मिळाला नव्हता. कोण कुणाला किती ओळखतं याचा पत्ता नव्हता. सगळ्यांनाच नव्याने ओळख करून द्यावी, म्हणजे चूक व्हायला नको, असं त्याने ठरवलं होतं.

म्हणजे भुताला सगळं आठवत होतं. लेखकाला नव्हतं.

काकांना त्याचा राग यायला हवा होता, पण ज्याने आयुष्यभर अर्थ न बघता वाचलं त्याने, न वाचता लिहिणाऱ्याला काय म्हणून बोलावं? दोघांची जात एकच. त्यांनी सरळ आपलं म्हणणं मांडलं. नवी आवृत्ती नको. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं एकच पान, तोच कागद, तीच अक्षरं, बारावी ओळ बदलून एक प्रत छापा. जुनं पान कापून नवं डकवायचं. छापखान्यांत हे चालत आलेलं आहे. घरी पेशंट आहे, दिवस थोडे आहेत.

संपादक तयार झाला, पण अट घालून. आठवा भाग डोक्यावर होता. सहा भागांत कोण कुणाचं कोण, कधी भेटलं, काय बोललं, याचं टिपण काकांनी करून द्यावं.

सहाही भाग काखोटीला मारून काका काकूंच्या खोलीत जाऊन बसले. काकू विचारत, काय लिहिताय? ते सांगत, यादी. ते खरं असल्यामुळे आवाज कापत नसे. लेखिकाबाई भेटल्या का, असं काकूंनी एकदा विचारलं तेव्हा 'नाही भेटल्या' हेही शब्दशः खरंच होतं. यादी बारा दिवस चालली. त्या दिवसांत काकूंची झोप लांबत गेली आणि जाग आखूड होत गेली. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि या खेपेला बाहेरच्या खोलीतही काही बोलले नाहीत. वरच्या मास्तरीणबाई येऊन दारातूनच बघून गेल्या. लांडग्याचं नाव काढलं नाही, तेव्हाच काकांना काय ते कळलं.

पान तेराव्या दिवशी आलं. तंत्रज्ञाने स्वतः आणून, जेवणाच्या टेबलावर बसून, जुनं कापून नवं डकवून दिलं. चहा घेतला नाही. हात फार स्वच्छ धुऊन गेला.

चार वाजता काकांनी खुर्ची ओढली. काकू जाग्या होत्या.

"एका पानाची दुरुस्ती आलीय," ते म्हणाले. "ऐकतेस?"

काकूंनी भिंतीकडून मान थोडी वळवली. काकांनी सत्त्याऐंशीपासून वाचायला घेतलं. आवाज सरळ होता, चौतीस वर्षांचा होता. ग्रंथपालबाई अकरा दिवसांनी परत येतात. दार लोटतात. जिन्यावर तो उभा असतो. तो मान वर करत नाही.

"'आलीस?' तो म्हणाला," काकांनी वाचलं.



"परत वाचा," काकू म्हणाल्या.

"आलीस?"

"मान वर न करता?"

"तसंच छापलंय."

काकूंनी हात पुढे केला. काकांनी उघडं पुस्तक त्यांच्या हाताखाली धरलं. बोट पानावरून फिरत फिरत शिवणीपाशी गेलं आणि तिथल्या डिंकाच्या उंचवट्यावर थांबलं.

"चिकटवलंय."

काकांनी पुस्तक हाताखालून काढलं नाही.

"एकोणतीस वर्षं," काकू दम घेत म्हणाल्या, "मी ड्यूटीवरून आले, की एक माणूस प्रुफातून डोकं वर न काढता हेच म्हणायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची."

"माहितीये."

"मग तेच कशाला छापून आणलंत?"

"दुसरं काही येत नव्हतं मला."

काकू हसल्यासारख्या झाल्या. पण बोट अजून डिंकावरच होतं.

"लेखिकाबाईंनी चालवून घेतलं हे?"

इथे छापील आधार नव्हता. काकांनी खरं ते सांगितलं. की बाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या. की ते 'आपण कोण' दुसऱ्याच माणसाने लिहिलं, जो गीझरच्या माहितीपुस्तिका लिहायचा.

"तो आहे का?"

"आहे. सर्दी झालीय त्याला."

"मग त्याला काय ठाऊक, मेल्यावरचं?"

हा मुद्दा काकांना सहा आठवड्यांत सुचला नव्हता. तीन अर्ज, तीन प्रती, एक तंत्रज्ञ आणि बारा दिवसांची यादी, यांच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

"पण मी विसरले तर?" काकू थोड्या वेळाने म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता, लांबून लागलेल्या फोनसारखा.

"चार वाजता मी इथेच असेन," काका म्हणाले. "म्हणेन, आलीस? चेहरा नाही आठवला तरी आवाज ओळखशील."

"ओळखेन," काकू म्हणाल्या. "आवाज ओळखते मी."

'ओळखशील' म्हणताना काकांचा आवाज कापला होता की नाही, हे काकूंना कळलं असणारच. त्यांनी तसं म्हटलं नाही. डोळे मिटून घेतले. काकांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने तो पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"अहो."

"काय?"

"मिटलंत कशाला?" काकू म्हणाल्या. "एक्क्याण्णव काढा. तो लांडगा छप्पर पौर्णिमेच्या आत करून देणार होता, त्याचं काय झालं बघा. आणि शिडीबिडीचं सगळं वाचा, मधलं गाळू नका."